मचव्यावरचा सोमवार

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घाचा मेळ मला कधी लागला नाही. चौथीनंतर पेन हातात आलं ते सही करण्यापुरतंच. हे मी माझ्यासाठी लिहिते आहे, पण कोणाच्या हाती पडलंच तर चुकांबद्दल आधीच माफी मागते. एखादा शब्द लागला नाही तर सोडून द्या आणि पुढे वाचा.

माझ्या धाकट्या दिरांचा मचवा आहे, म्हणजे लाकडी बोट. पूर्वी तो कौलं आणि मीठ वाहायचा. दिरांनी होतं नव्हतं ते घालून तो विकत घेतला, इंजिन बदललं, माल भरायच्या जागेत सहा खोल्या केल्या आणि पाहुण्यांना मालवणहून विजयदुर्गापर्यंत फिरवून आणायला सुरुवात केली. जाऊन यायला चार दिवस लागतात. पाहुणे त्याला क्रूझ म्हणतात. मी तिथे सगळ्यांचं जेवण करते.

लोक फोन करून विचारतात, "एवढ्या लहान बोटीवर नेमकं कसं असतं हो?" दीर जवळ नसले की फोन माझ्या हातात येतो. मी "थांबा हां" म्हणते आणि फोन पडवीच्या कट्ट्यावर ठेवून त्यांना शोधायला जाते. पलीकडचा माणूस हॅलो हॅलो करत राहतो. तोंडाने सांगायला मला जमत नाही, म्हणून लिहून बघते.

तर ते लहान असतं. हे सगळ्यांना आधीच माहीत असतं आणि तरी आल्यावर नवल वाटतं. खोलीत एकावर एक दोन फळ्या, त्यावर गाद्या. एकाने उभं राहून कपडे बदलले तर दुसऱ्याने झोपून राहायचं. न्हाणी दोन, पाणी बादलीभर. रात्री जनरेटर बंद होतो, मग पंखाही बंद. कडक, चाकांची मोठी बॅग आणू नये, कारण ती जिन्यातून खाली उतरत नाही. पहिल्या फेरीला नाशिकचे एक गृहस्थ अशी बॅग घेऊन आले होते. ती वर डोलकाठीला दोरीने बांधून ठेवावी लागली आणि सदरा बदलायचा झाला की ते सगळ्यांसमोर दोरी सोडत बसायचे. त्यांच्याबरोबर त्यांची म्हातारी आई होती. तिच्याकडे कापडी पिशवी होती, तिला काही अडचण आली नाही.

त्या पहिल्या फेरीबद्दलच सांगायचं आहे. मी खरं म्हणजे एकदाच जायचं ठरलं होतं. दिरांनी हॉटेलात काम केलेला एक स्वयंपाकी ठरवला होता, तो ऐन वेळी आला नाही. दीर आमच्या पडवीत येऊन उभे राहिले.

"वैनी, एक फेरी मारा. एकच. जेवान करणारो पळालो."

"माका लोकांत जमना नाय, भावजी."

"लोक वर, तुमी खाली. तोंड दिसूचा नाय कोणाक."

ते खोटं होतं. मचव्याचं स्वयंपाकघर जेवायच्या टेबलाला लागूनच आहे. त्याला दार एक, तेही अर्धं. वर जाणारा, खाली येणारा, न्हाणीला जाणारा, सगळे त्या दारावरून जातात आणि जाताना आत बघतात. घरी कोणी आलं की मी मागल्या दाराने विहिरीवर जाते. इथे मागलं दार असतं तरी त्यातून समुद्रातच पडले असते.

रविवारी सकाळी निघालो. निघताना तांडेलाने, म्हणजे मचवा चालवणाऱ्या आमच्या वाडीतल्या म्हाताऱ्याने, नारळ हातात घेऊन गाऱ्हाणं घातलं. दोन्ही खलाशी "व्हय महाराजा" म्हणाले. एका पाहुणीचा मोबाईल तेवढ्यात बंद पडला होता. ती म्हणाली, "काका, परत एकदा म्हणाल का? व्हिडिओ घ्यायचाय."

"परत?" तांडेल म्हणाला. "देव काय बहिरो आसा?"

सगळे हसले. तो हसला नाही.

रविवारचं जेवण चांगलं झालं. सुरमई, तिसऱ्या, सोलकढी. नाशिकच्या गृहस्थांनी सुरमईचे फोटो काढले आणि घरच्यांना पाठवले. रात्री आचऱ्याच्या खाडीच्या तोंडाशी नांगर टाकला. लहान बोटीचं एक बरं असतं, ती अशा ठिकाणी आत शिरते.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुणकेश्वरसमोर थांबलो. पाहुणे होडीने किनाऱ्यावर गेले, दर्शन घेऊन आले, भूक लागली म्हणत टेबलाशी बसले. मी ओल्या काजूगरांची उसळ केली होती, काळ्या वाटाण्याचं सांबार, वडे, भात आणि गोड म्हणून खीर. बेत जमला असं माझं मला वाटत होतं.

जेवता जेवता नाशिकच्या गृहस्थांनी ताटाकडे बघितलं. "मासे मागून येतायत का?"

वाढणाऱ्या खलाशाने माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं.

"आज सोमवार," तांडेल सुकाणूजवळून म्हणाला.

"सोमवार म्हणजे?"

"म्हणजे सोमवार."

आमच्याकडे सोमवारी चुलीवर मासळी चढत नाही. माझ्या माहेरी नाही, सासरी नाही, तांडेलाच्या घरी नाही, दोन्ही खलाशांच्या घरी नाही. दिरांनी जाहिरातीत स्वतः लिहिलं होतं, रोज दोन्ही वेळ ताजी मासळी. ते स्वतः सोमवारी एकवेळ जेवतात. रोज म्हणजे सोमवार सोडून, हे लिहायला पाहिजे असं आमच्यातल्या एकालाही सुचलं नाही. बर्फाच्या पेटीत रविवारचा तुकडासुद्धा मी ठेवला नव्हता. उरलेलं रात्रीच संपवून पेटी धुऊन ठेवली होती.

"साहेब, माफ करा," दीर म्हणाले. पाहुण्यांशी ते शुद्ध बोलतात. "संध्याकाळी देवगडला पोचलो की बंदरावर ताजे मासे बघतो."

"देवगडाक पोचलो म्हणान सोमवार संपना नाय," तांडेल म्हणाला.

"हे बघा, आम्ही माशांच्या जेवणाचे पैसे भरलेत. आठ माणसांनी भरलेत," गृहस्थ म्हणाले. "भाजी आम्ही घरी खातो."

त्यांची आई म्हणाली, "मुकाट्यानं जेव. उसळ तिसऱ्यांदा घेतलीस, मी बघत्येय."

"आई, प्रश्न तत्त्वाचा आहे."

"तत्त्व घरी गेल्यावर. आत्ता वडा दे इकडे."

बाकीचे पाहुणे ताटात बघून हसले, पण आतून त्यांनाही गृहस्थांचं म्हणणं पटत होतं असं दिसलं. एक बाई हळूच म्हणाल्या, "बोलतायत ते चूक नाही."

लहान बोटीवर राग आला तर तो घेऊन कुठे जायचं हा प्रश्न पडतो. घरात भांडण झालं तर एक माणूस अंगणात जातो, एक बाजारात. इथे गृहस्थ बॅगेच्या दोरीपाशी बसले, दीर सुकाणूपाशी उभे राहिले, आणि मध्ये दहा-बारा पावलं. दुपारभर दोघे एकमेकांना दिसत होते. बाकीचे हळू आवाजात बोलत होते. लहान बोटीवर हळू बोललेलंही सगळ्यांना ऐकू येतं. "रिव्ह्यू टाकणार," असं कोणी तरी म्हणालं. दिरांची ती पहिलीच फेरी होती. या आठ माणसांनी वाईट सांगितलं तर पुढे कोण येणार?

मी आत भांडी घासत होते आणि मला वाटत होतं, माणूस बरोबर बोलतोय. माझ्या सासूबाई बाजारात मासे विकायच्या. मी मागे बसून साफ करून द्यायची. वाट्यात एक बांगडा कमी लागला तर गिऱ्हाईक मागायचं आणि सासूबाई कुरकुरत का होईना, द्यायच्या. द्यायचं नाही असं कधी झालं नाही.

रात्रीचं जेवण पुन्हा बिनमाशांचंच होतं. देवगडच्या बंदरात खलाशी नांगराच्या कामात होते म्हणून भाताचं पातेलं घेऊन मलाच बाहेर यावं लागलं. मी पातेलं ठेवलं आणि म्हटलं, "आजच्या दोन्ही जेवणांचे पैसे परत देऊ. सगळ्यांचे."

आवाज इतका बारीक आला की गृहस्थ म्हणाले, "काय म्हणालात?"

मग ते परत म्हणावं लागलं. दुसऱ्यांदा म्हणताना माझे कान तापले होते. गृहस्थ म्हणाले, "ठीक आहे. माझ्या नंबरवर पाठवा, मी सगळ्यांना वाटून देईन." आणि भात वाढून घेतला.

दीर माझ्यामागून आत आले.

"वैनी, ह्या काय बोललास? त्येंच्या पैशांचा डिझेल भरलंय. खंयसून देतलंय?"

"माज्या मजुरीतसून द्या."

"एका फेरीच्या मजुरीत आठ माणसांची दोन जेवणां बसतली?"

"तर मगे अजून फेऱ्या करतलंय."

हे मी बोलून गेले आणि मग मला कळलं की आपण काय बोललो. दीर मात्र थोडे शांत झाले. त्यांना जेवण करणारं माणूस मिळालं होतं.

दहा माणसांत मी बोललेलं ते पहिलंच वाक्य असेल. ते खोटं पडू नये एवढंच मला वाटत होतं. म्हणून जी बाई एका फेरीला गेली होती ती सबंध हंगाम गेली. प्रत्येक फेरीला मजुरी मिळाली की मी त्यातली निम्मी दिरांच्या हातात परत द्यायची आणि ते मोबाईलवरून नाशिकला पाठवायचे. तिकडून "मिळाले" एवढंच यायचं.

सोमवारचं काय करायचं यावर घरात बरंच झालं. दीर म्हणाले, सोमवारपुरता दुसरा माणूस आणू, तो मासे करील. तांडेल म्हणाला, "करूक सांग. माजो पाय मचव्यार पडूचो नाय." त्याच्यावाचून मचवा देवगडच्या पुढे नेणारं कोणी नव्हतं. शेवटी दिवस बदलले. आता शुक्रवारी निघतो आणि सोमवारी सकाळी घावणे खाऊन पाहुणे मालवणला उतरतात. तक्रार येत नाही.

त्या फेऱ्यांत मला जे कळलं ते असं. दुपारनंतर वारा वाढतो आणि देवगडच्या दीपगृहासमोर बोट हलते. ज्यांना मळमळतं त्यांनी मागल्या बाजूला बसून जमिनीकडे बघावं, मोबाईलकडे बघू नये. मी पहिल्या तीन फेऱ्यांत तिथे ओकले, नंतर बंद झालं. कागदावर जे ठिकाण लिहिलेलं असतं तिथे बोट जाईलच असं नाही. तांडेल सकाळी वाऱ्याकडे बघतो आणि सांगतो, आज नाही. वाद घालून उपयोग नाही. मोठ्या बोटीवर म्हणे नाच-गाणी असतात. इथे कोणी करमणूक करत नाही. विजयदुर्गच्या खाडीत आत शिरलो की काठावर कपडे धुणाऱ्या बायका ओरडून विचारतात, "खंयचे गो तुमी?" आणि पाहुण्या बायकांना उत्तर द्यावं लागतं. एकदा एक बाई "कोथरूड" म्हणाल्या. काठावरून प्रश्न आला, "ता खंय इला?" सगळा मचवा हसत होता.

आणि एकटं राहता येत नाही. दुसऱ्या दिवसापर्यंत कोण घोरतं, कोण कोणाशी बोलत नाही, कोणाला कुठलं औषध चालू आहे, सगळं सगळ्यांना कळतं. बायका तर स्वयंपाकघरात येतातच. "मी नारळ खवू का?" म्हणतात. पहिल्यांदा मी मान हलवायची फक्त. मग एकीचा हात विळीवर सटकता सटकता राहिला तेव्हा ओरडले, "गो, बोट जायत तुजा!" ती घाबरली नाही. हसली आणि सरकून बसली. तेव्हापासून थोडं थोडं बोलते. फार नाही.

हंगाम संपत आला तेव्हा नाशिकहून दिरांना फोन आला. गृहस्थ म्हणाले, बाकीचे पैसे राहू द्या आता, आई रोज मला बोलते. दीर खुशीत सांगायला आले.

"वैनी, सुटलास. नको म्हणतत."

"आठ जणांचे म्हटलंय मी."

"तेच नको म्हणतत मां!"

"ते आपले सोडतीत, आईचे सोडतीत. बाकीच्या सहा जणांचे सोडूक ते कोण?"

दिरांनी डोक्याला हात लावला. "वैनी, तुमी बोलाक लागलास ताच वायट झाला," असं म्हणून ते निघून गेले. पण त्यांनी नाशिकला तसं कळवलं. मग त्या दोघांचे पैसेही मी वगळले नाहीत. बोलले होते तेव्हा सगळ्यांचे म्हटलं होतं.

मे महिन्यात शेवटची फेरी झाली. पावसाळ्यासाठी समुद्र बंद व्हायच्या आधी मचवा ओढून वर घेतला, गाद्या उन्हात टाकल्या, भांडी घासून पोत्यात भरली. मजुरी हातात आली तेव्हा द्यायचे उरले होते तेवढे बाजूला काढून मी दिरांना दिले. त्यांनी ते लगेच पाठवले. संध्याकाळी त्यांनी मोबाईल आणून मला दाखवला. त्यावर लिहिलं होतं, पूर्ण रक्कम मिळाली, आठही जणांना वाटली.