वन्संची रांगोळी

आमच्या वन्संइतके धक्के मला आयुष्यात कुणी दिलेले नाहीत, आणि लग्नाला आता तीस वर्षं होत आली. सासूबाई म्हणायच्या, हिचं लग्न अकोले तालुक्याच्या डोंगराशी लागलंय. तिथल्या ठाकर वस्त्यांवर बायकांचे गट बांधायचे, जंगलातला हिरडा व्यापाऱ्याच्या घशात न घालता सगळ्यांनी मिळून विकायचा, भाताची गिरणी उभी करायची, ह्यातच त्यांची हयात गेली. संस्थेने वस्तीवर दिलेली एक खोली, एक ट्रंक आणि पिशवीत रांगोळीच्या पुड्या, एवढाच संसार.

ह्या रांगोळीचा तर कहर होता. बायकांच्या हातात चिमूट द्यायची आणि म्हणायचं, "काढा आपल्या गावाचा नकाशा. पाणी कुठं, वाट कुठं, उपाशी कोण." मग स्वतः मागे जाऊन बसायचं, दोन-दोन तास, तोंडातून चकार शब्द नाही! तिथवर ठीक होतं हो. पण एका दिवाळीत कोल्हारला आमच्याच अंगणात, पाहुण्यांसमोर, मला म्हणाल्या, "सुमन, ह्या घरात कोण कधी जेवतं ते काढ." मी बावळट, काढलं. सगळ्यात शेवटी मी, तीही चुलीपाशी एकटी. वन्सं नुसत्या सासूबाईंकडे बघत राहिल्या. त्या दिवशी मी पहिल्या पंगतीला बसले, आणि भीतीने एक घास गिळवेना.

यंदा त्या निवृत्त झाल्या. खोली सोडावी लागणार होती. पण बायका आपल्याला जाऊ द्यायच्या नाहीत, गिरणीमागे एखादं छप्पर घालून देतील, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. मला फोनवर सांगूनही टाकलं, "मी काही कोल्हारला येत नाही. तू निरोपाला ये, पेढे खा आणि जा."

निरोपाला वन्संनी पुन्हा पिशवीतून रांगोळीच्या पुड्या काढून बायकांपुढे ठेवल्या. "पुढं आपलं गाव कसं असंल, ते काढा." बायकांनी झोकात नकाशा काढला. गिरणी, हिरड्याचं गोदाम, नवी विहीर, दवाखानासुद्धा! मी चारी बाजूंनी फिरून पाहिलं. वन्संचं घर कुठंच नाही. माझं डोकंच सणकलं. "अगं बायांनो, आणि ह्या कुठं राहणार?"

गटाची अध्यक्ष चांगुणा सरळ म्हणाली, "बाईंनीच शिकवलंय न्हवं, भायेरच्या मानसावर भिस्त ठेवायची न्हाई? आमी बघतो आमचं आता. बाई लई दमल्यात. त्यांनी घरी जाऊन निवांत बसावं."

वन्संचा चेहरा क्षणभर पांढराफटक पडला. मग त्या उठल्या, चांगुणाची पाठ थोपटली आणि म्हणाल्या, "एकदम बरोबर!"

ट्रंक जीपच्या टपावर चढली. घाट उतरेपर्यंत वन्सं त्या नकाशाचंच कौतुक करत होत्या. मग एकदम माझा हात धरला.

"सुमन, नकाशा बरोबर होता ना गं?"

"होता, वन्सं."

"मग मला इतकं रडू का येतंय?"

त्यांना रडताना मी आयुष्यात पहिल्यांदाच पाहत होते. चांगुणाचा भयंकर राग यायला हवा होता मला. तोही येईना.