उंदराशेजारची बरणी

लोणचं एकाच हातानं घालायचं आणि ज्या हातानं घातलं त्याच हातानं वर्षभर बरणीतून काढायचं, असा आमच्या सासरी नियम होता. दुसरीचा हात लागला की ते नासतं, असं आत्याबाई म्हणायच्या. आत्याबाई म्हणजे माझी सासू. एखादीचा हात लोणच्याला मानवतच नाही, तिनं कितीही निगुतीनं घातलं तरी बुरशी येते, असंही त्यांचं म्हणणं. माझ्या थोरल्या जावेचा हात तसला होता. तिनं घातलेली बरणी श्रावणातच उकिरड्यावर गेली होती. तेव्हापासून तिची भाकरी जरी करपली तरी आत्याबाई म्हणायच्या, "लोणच्याचा हात ह्यो! ह्येच्याकडनं आणि काय हुणार?"

ही गोष्ट महाराजांच्या राजवटीतली, कोल्हापुरात प्लेग येत-जात होता तेव्हाची. मी पंधरा-सोळा वर्षांची असेन. माहेरी चौथीपर्यंत शाळा झाली होती. सासरी त्याचं कुणाला काही नव्हतं.

त्या वर्षी ज्येष्ठ लागला तशा आत्याबाई मला बाजारात घेऊन गेल्या. पन्हाळ्याच्या बाजूनं कैऱ्यांच्या पाट्या आल्या होत्या. आत्याबाईंनी पाटीत कोपरापर्यंत हात घालून तळातल्या कैऱ्या वर काढल्या.

विकणारा म्हणाला, "मावशी, उलथापालथ करू नगा की. डाग पडतोय मालाला."

"मग न बघता घिऊ? न बघता सून करत्यात बाबा, कैरी न्हाय."

असं म्हणून त्यांनी एक कैरी दातानं फोडली, तोंड वाकडं केलं, थुंकल्या आणि म्हणाल्या, "ही घाल." कैऱ्या माझ्या डोक्यावर दिल्या. वाटेत मागं न बघताच म्हणाल्या, "ह्या वर्षी तू घाल. बघू तुझा हात कसा हाय."

मी घातलं. कैऱ्या धुऊन, एकेक पुसून, सावलीत कोरड्या केल्या. फोडींना मीठ-हळद लावली. मोहरी भरडली, मेथ्या तळल्या, तिखट मिसळलं, बरणीला हिंगाची धुरी दिली. तेल धूर येईतो तापवलं, पार गार केलं आणि ओतलं. फोडींवर चार बोटं तेल उभं राहिलं पाहिजे. माझं दोनच बोटं राहिलं, कारण डब्यातलं तेल संपत आलं होतं. उरलेलं मागनं घालू असं म्हटलं आणि फडकं बांधलं. आत्याबाईंना सांगितलं, चार बोटं आहे.

मागनं घालायचं राहूनच गेलं. भादव्यात गल्लीत उंदीर पडायला लागले. पहिला उंदीर पडला की घर सोडायचं, हे तोवर सगळ्यांना माहीत झालं होतं. एका दिवसात आम्ही गावाबाहेर माळावर झोपडी घातली. गाडीत जोंधळ्याची पोती गेली, भांडी गेली, अंथरुणं गेली. बरणी दुसऱ्या खेपेला न्यायची म्हणून मागं राहिली. दुसरी खेप झालीच नाही. घराला कुलूप लागलं.

माळावर आमच्यासारख्या पुष्कळ झोपड्या होत्या. जेवायला बसलं की आत्याबाई शेजारणींना सांगायच्या, "लोणचं हाय की घरात. धाकटीच्या हातचं. अजून बघितलं न्हाय, पर येतंय झ्याक." मी खाली मान घालून भाकरी मोडायची. आठवड्याला तेल बघायचं असतं, फोडी खालीवर करायच्या असतात. माझी बरणी दोन बोटं तेलात बंद घरात बसली होती. वरच्या फोडी तेलाबाहेर आल्या असतील, त्यांच्यावर पांढरं धरलं असेल, हेच मला दिसायचं. गावात माणसं मरत होती आणि मला फोडींची काळजी. खोटं कशाला सांगू.

जावेला दिवस गेले होते, कार्तिकात तिसरा महिना लागला. तिची आधीची दोन पोटातच गेली होती. ह्या वेळी तिच्या पोटात काही ठरेना. भाकरी गेली की उलटी, पेज गेली की उलटी. चिंच दिली, तीही पडली. आठ दिवसांत तिचे डोळे खोल गेले. ती म्हणाली, "आत्याबाई, लोणच्याची फोड असती तर भाकरी उतरली असती."

दोन दिवसांनी, बाजाराच्या दिवशी, आत्याबाईंनी कमरेची किल्ली काढून माझ्या हातात दिली. बाजार तेव्हा गावाबाहेर मैदानात भरायचा. दिवसा गावात जाता यायचं, पण बंद घरातलं काही बाहेर आणायला मनाई होती आणि नाक्यावर शिपाई असायचा.

"बाजार कर आणि घराकडं जा. बरणी आण. शिपायाला काय सांगायचं ते तुझं तू बघ," त्या म्हणाल्या. मग माझं मनगट धरलं. "पर घरात उंदीर पडलेला दिसला तर उंबऱ्याच्या आत पाय टाकू नगंस. बरणी तिथंच ऱ्हाऊ दे. आईक. तिथंच."

"व्हय," मी म्हटलं.

बाजारात हरभऱ्याचा कोवळा पाला आला होता. ओला लसूण होता, काटेरी वांगी होती. मी पाला जास्तच घेतला, पाटी भरून. मग गावात शिरले. गल्लीत माणूस नव्हतं. दारांना कुलपं, काही घरांच्या कौलांत काढलेले चौकोन. उजेड शिरावा म्हणून कौलं काढायला लावली होती. आमचं कुलूप गंजलं होतं, दोन्ही हातांनी पिळलं तेव्हा उघडलं.

उंबऱ्यावरून सगळं दिसत होतं. चुलीच्या कोपऱ्यात बरणी होती. तिच्याशेजारी, वीतभर अंतरावर, उंदीर कुशीवर पडला होता. फुगलेला नव्हता. म्हणजे कालचा नाहीतर आजचा.

मी उभी राहिले. माघारी फिरायचं, एवढंच सांगितलं होतं. माघारी फिरले असते तर काय झालं असतं? जावेला फोड मिळाली नसती. पण मी तेव्हा जावेचा विचार करत नव्हते. माझा हात कसा आहे हे मला बघायचं होतं.

मी पदर नाकाला लावला आणि आत गेले. उंदराकडं न बघता बसले, फडकं सोडलं, झाकण काढलं. तेल लालभडक, वर आरशासारखं. फोडींनी अंग धरलं होतं, एकही बाहेर नव्हती. पांढरा ठिपका नाही. दोन बोटं तेलावर ती बरणी पाच महिने टिकली होती.

आता तिला तिथं कशी सोडणार? सोडली असती तर माझा हात चांगला हे कुणाला कळलं असतं? मी झाकण लावलं, फडकं आवळलं, बरणी पाटीत ठेवली आणि वर पाला दाबला.

नाक्यावर शिपायानं अडवलं. "काय हाय गं पाटीत?"

"पाला."

"एवढा? घरात म्हस हाय का काय?"

"सासू हाय."

तो हसला आणि त्यानं सोडलं. पुढं ओढ्यावर मी बरणी बाहेरून वाळूनं घासली, हात घासले, पाय घासले. पिसवांमुळं रोग येतो हे मला फार पुढं कळलं. तेव्हा आम्हाला उंदीर म्हणजेच रोग.

आत्याबाईंनी पहिल्यांदा विचारलं, "काय दिसलं का?"

"न्हाय."

त्यांनी मलाच फोडी काढायला लावल्या. एक चाखली. डोळे मिटले आणि म्हणाल्या, "हात मानवला." एवढंच. जावेनं दीड भाकरी खाल्ली आणि ती पोटात राहिली. मी माझ्या ताटातल्या फोडीला हात लावला नाही.

जाऊ हसून म्हणाली, "बघा की, सवताच्या हातचं सवताच खाईना. काय घातलंस गं त्यात?"

मग मी खाल्लं. सगळ्यांच्या देखत दोन फोडी खाल्ल्या.

त्या दिवसापासून मी मोजायला लागले. रोग चार-पाच दिवसांत दिसतो असं माळावर बोलत होते. पहाटे उठून मी आधी माझी काख चाचपायची, मग सगळ्यांच्या तोंडांकडं बघायचं. कुणी खोकलं तरी हातातलं पीठ तसंच राहायचं. दर जेवणाला आत्याबाई म्हणायच्या, "काढ गं फोडी." मी काढायची आणि वाढायची. जाऊ सुधारत चालली होती. तिच्या पानात मी एक जास्तच वाढायची, का ते मलाही सांगता येणार नाही.

पाचव्या दिवशी दुपारी ती चुलीपुढून उठली आणि आडवी झाली. अंगाला हात लावला तर तवा. दात वाजत होते.

ती माझ्या हातच्या फोडींनी मरणार, पोटातल्यासकट, हे मला कळलं. आत्याबाई झोपडीमागं शेण थापत होत्या. मी तिथं जाऊन उभी राहिले आणि सांगितलं. "उंदीर व्हता. बरणीला लागून. मी आणली."

त्यांनी शेणाचे हात तसेच धरले. मारतील असं वाटलं. मारलं नाही. "ताजा व्हता?"

"व्हय."

त्या उठल्या, हात धुतले, आत जाऊन जावेच्या काखा आणि जांघा चाचपल्या. गाठ नव्हती. "अजून न्हाय," म्हणाल्या. मग बरणी उचलली, लांब खड्ड्यात नेऊन सगळी ओतली, बरणी दगडानं फोडली आणि वर माती लोटली. ते लाल तेल मातीत जिरताना मी बघत होते. मला रडू आलं, ते जावेसाठी नव्हतं.

रात्रभर आणि दुसरा दिवसभर आत्याबाई जावेपाशी बसल्या, घडीघडीला काखेत हात घालून बघत. गाठ आली नाही. तिसऱ्या दिवशी घाम सुटून ताप उतरला. हिवताप होता. जाऊ उठून बसली आणि तिनं लोणचं मागितलं. ओतलं म्हटल्यावर म्हणाली, "सगळं? अवो, मग मी आता खाऊ काय?"

का ओतलं ते आत्याबाईंनी तिला सांगितलं नाही. मला मात्र चुलीपाशी सांगितलं, "हात चांगला हाय तुझा. पर तुझ्या हातचं खायाचं म्हंजी तुझ्यावर इस्वास पायजे."

जावेला वैशाखात मुलगा झाला. तोवर आम्ही गावात परतलो होतो. ज्येष्ठात आत्याबाई आम्हा दोघींना बाजारात घेऊन गेल्या. कैरी फोडली, थुंकल्या, पाटी भरून घेतली आणि जावेच्या डोक्यावर दिली.

"मी?" जाऊ घाबरली. "माझा हात न्हाय की वो मानवत."

"तूच घाल," आत्याबाई म्हणाल्या.

श्रावणात बरणी उघडली तेव्हा वर बोटभर पांढरं होतं. जाऊ रडकुंडीला आली. आत्याबाईंनी बुरशी पळीनं निपटून काढली, खालची एक फोड उचलली आणि पहिली माझ्या ताटात टाकली.

"खा," म्हणाल्या.

मी खाल्ली.