साठ केबीतली पाठ

आईच्या पाठीवर, उजव्या खांद्याखाली एक तीळ आहे. तिला तो कधी दिसलेला नाही. जानेवारीत एका लग्नाला निघताना मी तिच्या ब्लाउजचे हूक लावत होते, तेव्हा बोटाला तो जरा उंच लागला. म्हणून आम्ही बोरिवलीतल्याच एका त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टर बाईच हव्यात, एवढी एकच अट आईने घातली.

डॉक्टरांनी भिंगातून पाहिलं. "आत्ता तसं काही वाटत नाही," त्या म्हणाल्या. "पण महिन्याला एक फोटो काढायचा, शेजारी मोजपट्टी धरून. कडा वाकडी झाली, रंग बदलला, तर थांबायचं नाही." हे सगळं त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या.

पहिला फोटो मी रविवारी दुपारी स्वयंपाकघराच्या खिडकीशी काढला. बाबा झोपले होते, भाऊ बाहेर होता. आई गाऊनची चेन अर्धी उघडून, उजवा खांदा मोकळा करून, ग्रिलकडे तोंड करून उभी राहिली.

"झालं ना गं?"

"हलू नकोस. एकच."

"समोरच्या बिल्डिंगमधून सगळं दिसतंय."

"तिथे फक्त कबुतरं आहेत, आई."

"कबुतरांना डोळे नसतात?"

आमच्या घरी सगळ्यांचे फोटो एकाच खात्यात जमा होतात. भावाने ते खातं हॉलमधल्या टीव्हीला जोडलंय. टीव्ही नुसता चालू असला की त्यावर एकेक फोटो सरकत राहतो. त्याच संध्याकाळी आत्या चहा पीत बसली होती आणि गणपतीच्या दोन फोटोंमध्ये आईची पाठ आली. टीव्हीएवढी. मी रिमोट शोधला.

"हे काय गं?" आत्याने विचारलं.

"ऑफिसचं आहे," मी म्हटलं.

आत्या जाईपर्यंत आई स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. मग म्हणाली, "तू दिवसभर फोटो बारीक करतेस ना? हाही कर. कोणाला काही कळायला नको."

अंधेरीच्या ऑफिसात मी तेच करते. वेबसाइटवर टाकायचे कुर्त्यांचे, कुकरचे, पडद्यांचे फोटो लहान करते. फाइल हलकी करताना फोटो घडी घालून ठेवला जात नाही, त्यातलं काहीतरी कायमचं टाकून दिलं जातं, हे मला पक्कं माहीत आहे. शेजारच्या दोन छटा जवळजवळ सारख्या असल्या की त्यांची एकच छटा होते, कारण बघणाऱ्याचं तिकडे लक्ष जात नाही. कुकरच्या बाबतीत खरंच जात नाही.

पाच एमबीचा फोटो मी साठ केबीवर आणला. फाइलला 'किचन टाइल' नाव दिलं. मूळ फोटो डिलीट केला, मग ट्रॅशमधूनही काढला. आता टीव्हीवर आलाच तर एक गव्हाळ चौकोन दिसला असता, मध्ये ठिपका. पुढे दर महिन्याला मी तेच केलं. नवा फोटो बारीक करायचा, जुन्याशेजारी ठेवायचा.

"सारखाच आहे," मी सांगायची.

"मग झालं," म्हणत आई चेन वर ओढायची.

मे महिन्यात फोटो काढताना, बारीक करायच्या आधी, फोनमध्ये तिळाची खालची बाजू मला काळपट दिसली. तिथून कड जराशी बाहेर आल्यासारखी. मी मोठं करून पाहिलं, मग उन्हाला दोष दिला. बारीक केल्यावर ती बाजू बाकीच्या तिळासारखीच दिसायला लागली. मला बरं वाटलं. तेव्हाही मी आईला "सारखाच आहे" म्हटलं.

परवा तिच्या गाऊनवर आतून रक्ताचा डाग होता, डाळीच्या दाण्याएवढा. "पट्टा घासला असेल," ती म्हणाली. आज सकाळी मी सुट्टी टाकून तिला डॉक्टरांकडे नेलं.

या वेळी डॉक्टर भिंग घेऊन बराच वेळ वाकून राहिल्या. मग फोटो मागितले. मी फोन दिला. त्यांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला तसे त्याचे चौकोन होत गेले. पट्टीवरच्या मिलिमीटरच्या रेघा एकमेकींत मिसळून राखाडी झाल्या होत्या. त्यांनी सगळे फोटो पाहिले.

"मूळ फोटो कुठेत?"

"नाहीत."

"एकही नाही?"

"मीच सांगितलं तिला," आई टेबलावर पालथी पडल्या पडल्या म्हणाली.

डॉक्टर रागावल्या नाहीत. "काकू, उद्या हा काढू आणि तपासायला पाठवू," त्या म्हणाल्या. "आणखी दिवस घालवायचे नाहीत." मग कागद पुढे ओढून त्यांनी मला विचारलं, "बदल कधीपासून आहे? तुझ्या अंदाजाने सांग."

आई ऐकत होती. तिची पाठ उघडीच होती.

"महिनाभर," मी म्हटलं.

त्यांनी ते लिहून घेतलं. मे महिना होऊन चार महिने झालेत.

घरी आल्यावर आईने नेहमीसारखी पोळ्यांची कणीक मळली. उद्या नऊ वाजता बोलावलंय. ती आत जायच्या आधी मला डॉक्टरांना गाठून तो शब्द बदलायला लावायचा आहे, आणि त्याच्याही आधी आईला सांगायचं आहे. आतापर्यंत दोनदा तिच्या मागे जाऊन उभी राहिले. दोन्ही वेळा तिने वळून विचारलं, "काय गं?" आणि मी पाणी प्यायले.