लिंबाची वरात

साताऱ्यात आमच्या गल्लीचा मुकादम म्हणजे नगरपालिकेचा चालताबोलता दरारा. अंगात खाकी कोट, हातात वेताची छडी आणि बोलण्याआधी मिशीला एक पीळ. कुणी कचऱ्याची तक्रार केली की तो छडीने फाटकापाशी रेघ ओढून गरजायचा, "आतलं तुमचं, भाईरचं आमचं!"

वळवाच्या वादळात शेजारच्या मावशींच्या अंगणात भला थोरला लिंब आडवा झाला. दुसऱ्या दिवशी लेकीचं लग्न, आणि मांडवाच्या जागी झाड! झाड तोडून न्यायला माणसं मिळेनात की गाडी मिळेना. मावशींनी मुकादमापुढे पदर पसरला. त्याने मिशी पिळली, रेघ ओढली आणि गरजला, "न्हाई म्हंजे न्हाई! आतलं तुमचं!"

मला असा संताप आला म्हणता! तेवढ्यात तो माझ्या कानाशी कुजबुजला, "बगतोस काय गड्या? दोर आन."

सारी गल्ली दोराला लागली. फांद्या छाटून, आरोळ्या ठोकत आम्ही त्या लिंबाची वरातच काढली आणि तो भर रस्त्यात आणून टाकला. नगरपालिकेच्या साहेबांचा टांगा रोजच्यासारखा आला आणि तिथेच अडला.

"मुकादम, हे काय?" साहेब ओरडले.

"रस्ता अडलाय, सायेब. आपलंच काम!" त्याने कडक सलाम ठोकला.

साहेबच अडकलेले, त्यामुळे गाड्या, कुऱ्हाडी, माणसं बघता बघता हजर झाली. शेवटचं लाकूड गाडीत पडलं तशा मावशी हात जोडून पुढे आल्या. साहेबांच्या देखत हा पठ्ठ्या त्यांच्यावरच खेकसला, "आवं मावशी, पुन्यांदा तुमचं झाड असं रस्त्यात पडू देऊ नगा!"