बिनपंख्याची

भिंगारहून निघायलाच उशीर झाला आणि तिथूनच माझा जीव वर-खाली व्हायला लागला. शेवगावकडच्या एका वस्तीचा माळ गाठायचा होता. तिथं पाणी अडवायला चर खणणार होते. सरपंच अलकाताईंनी फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, "बाराला मशिन येतंय. त्याच्या आत सरड्याची मादी दावा, तेवढा तुकडा सोडू." मादी त्याच मातीत अंडी घालते, म्हणून ही धावपळ. हौसेनं सरडे बघत हिंडण्याचं माझं हे दुसरंच वर्ष.

माळावर बघावं तर नरच नर! दगडादगडावर एकेक महाराज चढलेले, गळ्याखालचा निळा-केशरी पंखा उघडमीट करत. मी एकाला सोडून दुसऱ्यामागे पळत होते. अकरा वाजून गेले.

"मॅडम, मादी हितं कशी घावंल?" रिक्षावाले रशीदभाई सावलीतून म्हणाले. "सरडा नर, पाल मादी. ती घरात, भितीवर (भिंतीवर)."

तो सरडा, ती पाल. व्याकरणानं बिनचूक! मला हसू आलं आणि रागही.

तेवढ्यात अलकाताई आल्या. क्षणभर बघून म्हणाल्या, "त्यो एवढा नटून कुनाकडं बघतोय, तिकडं बघा की."

हातभर अंतरावर ती होती. मातकट, गळा साधा, पाठीवर फिकट कडेच्या शंकरपाळ्यांची रांग. असे चार सरडे मी सकाळपासून पाहिले होते आणि पंखा नाही म्हणून पिल्लं समजून सोडून दिले होते. हिचं पोट मात्र दोन्ही बाजूंनी टम्म फुगलं होतं.

"थांबा, सगळ्या माद्या मोजून सांगते," मी वही काढली.

अलकाताई वाकून बघत होत्या. "आगं बया, पोटुशी (गर्भार) हाय ही!" मोजणीची वाट न बघता त्यांनी चरासाठी आखलेली चुन्याची रेघ पायानं पुसायला घेतली. मला भरून आलं.

परतताना शेजारच्या वाडीचा माळ लागला. तो मी गेल्याच आठवड्यात पाहिला होता आणि 'फक्त पिल्लं, मादी नाही' असं तिथल्या ग्रामपंचायतीला सहीनिशी लिहून दिलं होतं. चर खणून झाले होते. काठाला ताज्या मातीचे ढीग होते. ज्याला रंग नाही तो अजून मोठा व्हायचाय, असं मी खुशाल धरून चालले होते.

"थांबायचं का, मॅडम?" रशीदभाईंनी वेग कमी केला.

"नको," मी म्हणाले. उतरून त्या मातीकडे बघायचं धाडस मला झालं नाही.