आणि साथीदार

काल दवाखान्याच्या बाकावर माझ्याच वयाचा एक म्हातारा शेजारी बसला होता. हातातल्या काठीवर त्याचं एक बोट तुणतुण्याची तार छेडल्यासारखं सारखं हलत होतं. माझा नंबर कधी येईल, असं मी कंपाउंडरला विचारलं, आणि माझा आवाज ऐकताच म्हाताऱ्यानं वळून माझं नाव घेतलं, आडनावासकट.

"रेडिओवर बोलायचा त्ये तुम्हीच न्हवं?"

मग ओळख पटली. गावाकडची गाणी म्हणणारे ते दोघे भाऊ. थोरला पुढे गायचा, धाकटा तुणतुणं वाजवत मागून झील धरायचा. दर गुरुवारी संध्याकाळी ते स्टुडिओत यायचे. श्रोत्यांची ढीगभर पत्रं यायची, पण सगळी थोरल्याच्या नावानं. कारण मी दर वेळी त्याचं नाव घेऊन पुढे "आणि साथीदार" एवढंच म्हणायचो. वेळ थोडा असतो, असं तेव्हा स्वतःला सांगायचो. एक नाव घ्यायला असा किती वेळ लागतो?

"दादा गेला गेल्या साली," तो म्हणाला. "आमची आय दर गुरुवारी सरपंचाच्या ओट्यावर रेडिओपाशी जाऊन बसायची. मला म्हणायची, तुझं नाव कधी सांगत्यात रं? मी म्हणायचो, पुढल्या गुरुवारी."

हे त्यानं हसत सांगितलं, कसलीही तक्रार न करता. माझी मान वर होईना. शेवटी त्याचा हात धरून मला विचारावंच लागलं, "तुमचं नाव काय हो?"