कडेचं अर्धं माणूस

भटूमास्तर गेल्याचा निरोप मला एस.टी.च्या कंडक्टरने आणला. दुपारची शहाद्याची गाडी अक्कलकुव्याला थांबली, आणि हा भला माणूस तिकिटांची पेटी गळ्यात तशीच अडकवून शाळेच्या फाटकाशी आला. "गुरुजी, तुमना फोटोवाला मास्तर गया. चार दिन व्हई गयात." चार दिवस! म्हणजे अग्नी, राख सावडणं, सगळं उरकलंही होतं. मी वर्गात परत गेलो आणि तिसरीच्या पोरांकडून राहिलेला पाढा म्हणवून घेतला. रडू आलं नाही. खरं सांगायचं तर पहिला विचार मनात आला तो स्वतःचाच... आता त्यांना सांगायचं राहूनच गेलं. बारा वर्षं एक गोष्ट मी त्यांच्यापासून लपवली होती, आणि या ना त्या सुट्टीत जाऊन सांगू असं म्हणत होतो. त्यांना जाऊन आज पाच आठवडे झाले. ती गोष्ट आता तुम्हालाच सांगतो, कारण ज्यांना सांगायची तेच उरलेले नाहीत.

भटूमास्तर शहाद्याच्या हायस्कुलात ड्रॉइंग शिकवत. तेव्हा आमचा जिल्हा पश्चिम खान्देश होता, गुजरात अजून वेगळा व्हायचा होता, आणि मी विशीतला नवाकोरा प्राथमिक शिक्षक होतो. दर रविवारी मास्तर आपल्या घरी फोटोग्राफीचा वर्ग घेत. आम्ही विद्यार्थी तिघे: एक शिंपी, एक दवाखान्यातला कंपाउंडर आणि मी. कॅमेरा एकच, डब्यासारखा काळा चौकोनी. रोलमध्ये आठ फोटो. त्यामुळे पहिले दोन महिने कॅमेऱ्याला हात लावायची कोणाची छाती नव्हती. मास्तरांनी प्रत्येकाला एक पुठ्ठा दिला, मधोमध चौकोनी खिडकी कापलेला. गृहपाठ असा, की आठवडाभर त्या खिडकीतून गाव बघायचं आणि जे चौकटीत बसलं ते वहीत रेखाटून आणायचं. आम्ही तीन शहाणे पुठ्ठे डोळ्यांसमोर धरून बाजारात फिरायचो. केळीवाली म्हणायची, "काय गुरुजी, घरनी खिडकी काढी लई वनात का?" शिंपी लाजून पुठ्ठा सदऱ्याखाली लपवायचा. मला मात्र त्या खिडकीची चटकच लागली. जिनिंगच्या आवारातला कापसाचा ढीग, प्रकाश्याला तापीच्या वाळूत ओढून ठेवलेली होडी, काहीही दिसलं की मी आधी त्याला चौकटीत कोंबून बघायचो.

मास्तर घरात अहिराणी बोलायचे, पण वर्ग सुरू झाला की त्यांची भाषा टोपी घालून बसायची. "आधी चारी कोपरे तपासा, मग मधलं माणूस." हे तर आम्हाला पाठच झालं होतं. दुसरा नियम त्याहून कडक. "कडेला अर्धं माणूस ठेवू नका. एक तर त्याला आत बोलवा, नाहीतर निरोप द्या." कंपाउंडरने एकदा बैलगाडीचा फोटो आणला, त्यात कडेला कोणाचं तरी अर्धं धोतर आलं होतं. मास्तर त्याला म्हणाले, "या गृहस्थाचा उरलेला अर्धा भाग कुठे ठेवलात, दवाखान्यात?" आम्ही पोट धरून हसलो. मास्तर हसले नाहीत. ते फारसे हसतच नसत. घरात ते आणि त्यांची थोरली बहीण आक्का, दोघंच. त्यांची बायको लग्नानंतर तीनच वर्षांत विषमज्वराने गेली, एवढं गावात ऐकून माहीत होतं. विचारायची माझी हिंमत नव्हती, आणि खोटं कशाला बोलू, तेव्हा मला त्यात रसही नव्हता. वीस वर्षांच्या माणसाला दुसऱ्याचं दुःख जुन्या कॅलेंडरासारखं वाटतं.

थंडी पडल्यावर निगेटिव्हवरचं काम सुरू झालं. खिडकीशी एक उतरतं डेस्क होतं. त्यात मधे दुधी काच बसवलेली आणि खाली आरसा, म्हणजे निगेटिव्हला खालून उजेड मिळायचा. काचकागदावर घासून सुईसारखी केलेली पेन्सिल घ्यायची आणि निगेटिव्हमधल्या चेहऱ्यावरचे देवीचे वण ठिपक्याठिपक्याने भरून काढायचे. फोटो छापला की चेहरा साफ. "पाटलाला सुंदर करू नका, फक्त त्याची रात्रीची झोप नीट झाली असं दाखवा," असं मास्तर म्हणायचे. माझा हात यात बसला. मास्तरांनी दोनदा माझं काम शिंप्याला दाखवलं, आणि मी हरभऱ्याच्या झाडावर चढलो. मग आला चाकूचा गृहपाठ. निगेटिव्हवरचा नको असलेला भाग धारदार पात्याने हलकेच खरवडायचा, म्हणजे छापल्यावर तो काळा होऊन अंधारात मिसळून जातो. खालच्या फळीवर एक पत्र्याची पेटी होती, टाकाऊ निगेटिव्हची. मास्तर म्हणाले, "त्यातली एकेक घ्या, काय काढायचं ते तुम्हीच ठरवा. मी जरा पोस्टात जाऊन येतो."

पेटीतल्या निगेटिव्ह मला कमअस्सल वाटल्या. हललेले चेहरे, उजेड घुसलेला... असल्यांवर माझी कलाकुसर काय दिसणार? वरच्या फळीवर एक खाकी पाकीट होतं. शिंपी आणि कंपाउंडर माना खाली घालून बसले होते. मी उठलो आणि त्या पाकिटातली एक निगेटिव्ह काढून घेतली. अंगणात कापूस पसरलेला, मधोमध बैलगाडी, मागे कुडाची भिंत. सगळं कसं जागच्या जागी. फक्त डाव्या कडेला घराचं अंधारं दार होतं, आणि त्यातून एक बाई अर्धी बाहेर आलेली. अर्धं अंग फोटोच्या चौकटीत, अर्धं बाहेर. मला तर आनंदच झाला. फोटो मास्तरांनीच काढलेला दिसत होता, आणि त्यांचाच नियम त्यात मोडला होता! म्हटलं, गुरूची चूक आज चेला दुरुस्त करणार. बाईचा चेहरा ज्वारीच्या दाण्याएवढा. भिंग लावलं आणि चेहऱ्यापासूनच सुरुवात केली, कारण तेच सगळ्यात अवघड. तासाभरात बाई गेली. राहिलं नुसतं दार.

मास्तर आल्यावर आम्ही माजघराशेजारच्या अंधाऱ्या खोलीत फोटो छापले. लाल कंदिलाच्या उजेडात, औषधाच्या पाण्यात माझ्या कागदावर चित्र हळूहळू उमटलं. मास्तर वाकून बघत होते. त्यांनी कंदील जवळ ओढला. मग विचारलं, "ही कुठून घेतली?" मी म्हणालो, "पेटीतून, सर." का म्हणालो? भीती वाटली म्हणून. त्यांच्या आवाजात काहीतरी होतं. "पेटीतून..." एवढंच ते पुटपुटले. फोटो वाळल्यावर त्यांनी मागे पेन्सिलीने नेहमीसारखे गुण लिहिले, दहापैकी नऊ. "काम स्वच्छ आहे," म्हणाले आणि हात धुवायला मोरीत गेले. ते इतका वेळ आले नाहीत की आम्ही तिघे आपले आपण उठून घरी गेलो.

दोन रविवारांनी आक्कांनी चहा आणला तेव्हा मास्तर बाहेर होते. मास्तरांच्या गेलेल्या बायकोचा विषय निघाला आणि आक्का सहज बोलून गेल्या, "रुख्माना एकच फोटो व्हता. तिले फोटो काढाले लाज वाटे. भाऊ गाडीना फोटो काढी ऱ्हायंता, तवढामा ती जेवाले बलावाले दारमा वनी, तशीच ती फोटोमा वनी. एक कागद तिनी मायकडे व्हता, तो पुरना पानीमा खराब व्हई गया. आते निगेटिव्ह बी गयी. भाऊ म्हनस, मन्हीच चूक, मीच ती त्या टाकाऊ पेटीमा ठेई दिधी व्हती." मी खरवडलेली बाई तीच होती. त्याच क्षणी सांगायला हवं होतं. मी चहा पिऊन टाकला.

पुढे मास्तरांनी चाकूचा गृहपाठ कधीच दिला नाही. पावसाळ्याच्या आधी वर्ग बंद झाला, शिंपी धुळ्याला गेला, माझी बदली अक्कलकुव्याला झाली. वर्षा-दोन वर्षांनी मी शहाद्याला जायचो, ठरवूनच जायचो की आज बोलायचं. मास्तर दर वेळी आधीपेक्षा जास्त पिकलेले, जास्त गप्प. शेवटच्या भेटीत त्यांनी मला पुरुषोत्तमनगरच्या साखर कारखान्याची धुराडी कुठून चांगली दिसतात ते हाताने चौकट करून दाखवलं. मी "हो सर, हो सर" करत बसलो आणि शेवटची गाडी धरली. माणूस माणसाला भेटतो आणि तरी एकटाच परत येतो, हे मला त्या गाडीत कळलं.

बाराव्याला गेलो. पाहुणे पांगल्यावर आक्कांनी मला आतल्या खोलीत नेलं आणि त्या जुन्या डेस्कचा खण उघडला. आत फोटोंचा गठ्ठा. चाळीस तरी असतील, सगळे त्याच निगेटिव्हचे, पोस्टकार्डाएवढे मोठे केलेले. अंगण, गाडी, कापूस आणि काळं दार. प्रत्येकात त्या दारावर पांढऱ्या रंगाने, बारीक ब्रशने एक बाई काढायचा प्रयत्न. लुगड्याचा काठ बरोबर होता. दाराच्या चौकटीवरचा हात बरोबर होता. चेहरा कुठे लांबट, कुठे गोल, कुठे पुसलेला. आणि शेवटच्या आठ-दहा फोटोंत तर त्यांनी चेहऱ्याची जागा तशीच सोडून दिली होती.

"चेहरा त्याले याद येत नव्हता," आक्का म्हणाल्या. "म्हने, आक्का, मी सोताच तिले टाकी दिधं."

तेव्हा मी सांगितलं. वरची फळी, खाकी पाकीट, भिंग, खोटं... सगळं एका दमात. आक्का ऐकत राहिल्या. ओरडल्या नाहीत, रागावल्याही नाहीत.

"हाई मले काय सांगस रे पोरा? त्याले सांगाले जोयजे व्हतं. बारा वरीस तो सोताले दोस दी ऱ्हायंता."

निघताना त्यांनी बिनचेहऱ्याचा एक फोटो माझ्या हातात ठेवला. "तू तं तिले भिंगमाईन देखं व्हतं. पुरा कर."

ते खरं होतं. तो चेहरा एवढ्या जवळून बघणारा शेवटचा माणूस मीच. भिवईच्या वरची खूण, बोलण्यासाठी उघडलेलं तोंड, सगळं मला स्वच्छ आठवत होतं. तीन आठवडे मी शाळा सुटल्यावर खिडकीशी बसलो. एके दिवशी हात चालला आणि तासाभरात चेहरा झाला. ब्रश धुताना लक्षात आलं, आपण काय करून बसलो ते. मी तिला फक्त निगेटिव्हमध्ये पाहिलं होतं, आणि निगेटिव्हमध्ये काळे केस पांढरे असतात. मी तिचे सगळे केस पांढरे काढले होते. पंचविशीही न पाहिलेली बाई. दुसऱ्यांदा तीच निगेटिव्ह नासवल्यासारखं झालं. तरी या वेळी लपवायचं नाही असं ठरवून गेल्या रविवारी तो फोटो घेऊन शहाद्याला गेलो.

आक्कांनी तो उजेडात नेला, डोळ्यांना लावला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला.

"रुख्माच शे," त्या म्हणाल्या. मग तिच्या केसांवरून बोट फिरवलं. "म्हातारी व्हई गयी रे पोरा... मन्हा भाऊना बराबर."

मी म्हटलं, "चूक झाली आक्का, केस दुरुस्त करून आणतो." आणि हात पुढे केला. त्यांनी फोटो दिला नाही.